शीग

पत्रादेवीच्या नाक्यावर मी एकोणीस वर्षं
बांबू वर केला, बांबू खाली केला.
ट्रकवाले मला नावानं ओळखायचे,
शिव्या द्यायचे त्याही नावानं.
सांगलीची हळद, बेळगावचा कोबी,
ताडपत्रीखाली दोन खोके भलतेच.
कर तेव्हा दिसायचा.
त्याला रांग होती, शिक्का होता,
आणि माझ्या तर्जनीचं काळं पडलेलं पेर.
पणज्याचा पणजा म्हणे शेंडीचा कर भरायचा.
तोही दिसायचाच, डोक्यावर.

मग एका मध्यरात्री सगळं बंद.
टेबलखुर्च्या पणजीला, मी डिचोलीला घरी.
बांबूचं काय झालं, विचारलं नाही.

कर गेला कुठं?
बायको म्हणाली, साबणात.
वडी भिजली की फेसाबरोबर तोही निघतो,
आपण रोज आंघोळीला भरतो,
पावती मोरीतून जाते.

काल म्हापशाला, बोडगेश्वराच्या जत्रेत
दत्ताराम खाजेकाराच्या दुकानामागे
पत्र्याच्या डब्यावर बसून त्याचं रिटर्न भरत होतो.
(निवृत्तीत हेच करतो. कुणाकडून पैसे,
कुणाकडून पाव किलो खाजं.)
बेसन, गूळ, तीळ, आलं:
ही मिठाई की फरसाण?
गोड म्हणावं तर एक रकाना,
कुरकुरीत म्हणावं तर दुसरा.
"जिभेला शेवटी आलं लागतं," दत्ताराम म्हणाला,
"तिखटाचा रकाना नाही काय?"

तेवढ्यात उमेदवार आला, पांढराशुभ्र, घामाघूम.
खाज्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला,
एकच दर हवा. सपाट. सगळ्यांना सारखा.
रकाने नकोत, सूट नको, कटकट नको.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
खोटं कशाला बोलू, माझेही हात उचलले गेले.
सात रजिस्टरं आठवली, सतरा नमुने,
आणि एका नारळाच्या ट्रकापायी
पहाटेपर्यंत चाललेलं भांडण:
शहाळं फळ की पेय.

शेजारी शेवंतू गावडी चणे मापत होती.
जुनं पितळी माप, काठाला पोचा.
तिनं ते भरलं, वर शीग चढवली,
डोंगरासारखी, एक चणा घरंगळेपर्यंत.
"सपाट म्हणजे असं?" म्हणाली,
आणि तळहातानं मापाचं तोंड पुसलं.
शीग तिच्याच टोपलीत परत पडली.
"आता सांग रे बाब, कुणाची गेली?"

उमेदवार हसला. चांगलं हसतो तो.

तिचा धाकटा मांडवीतल्या जहाजावर
रात्रभर पत्ते वाटतो.
समोरचा एका डावात हरतो
तेवढे शेवंतूचे चणे दोन जत्रांतही खपत नाहीत.
सकाळी दोघंही तोंड धुतात,
साबण एक, दरही एक.
फरक इतकाच, की धाकट्याचा पगार
वाण्याकडे, रिक्षाकडे, औषधाकडे जातो,
जाईल तिथं कापला जातो, शेवटच्या रुपयापर्यंत.
त्या दुसऱ्याची शीग बाजारात येतच नाही.
जी खर्चच होत नाही
तिला कुठला दर लावणार,
सपाट काय नि उभा काय.

हे मी तिथं बोललो नाही.
एकोणीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस
माईकसमोर उभा राहत नाही.

रात्री साडेअकराला ओटीपी आला,
जत्रेच्या गर्दीत वाट चुकलेला.
मी बटण दाबलं.
खाजं कुठल्या रकान्यात टाकलं
ते दत्तारामालाही सांगितलेलं नाही.
शेवंतूनं कागदात चणे बांधून दिले.
पैसे घेतले मापाचे.
शीग वर होती तशीच,
पुडी मिटेना.